दुसऱ्यांचे उंदीर

श्रावणातला सोमवार होता. सरांनी उंदरांचे तीन पिंजरे माझ्यापुढे सरकवले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आज एवढे तूच उरकून टाक. आमच्यात श्रावण असतो. तुमच्यात चालतं की सगळं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर काहीतरी वाईट घडलंय एवढं तरी कळलं असतं. सगळे आपापल्या वहीत लिहीत राहिले.

सोलापुरातली ती प्रयोगशाळा कॅन्सरवरचं औषध शोधत होती. उंदराच्या अंगात गाठ वाढवायची, औषध द्यायचं, मग गुंगी देऊन उंदीर मारायचा आणि गाठ काढून तपासायची. मारायचं म्हणजे मानेवर बोटं दाबायची आणि शेपटीला हिसका द्यायचा. बोटांखाली बारीक कट् होतं. उंदीर त्यानंतरही बराच वेळ गरम असतो.

पीएचडीला लागले तेव्हा वाटलं, सगळेच हे करत असतील. करत नव्हते. सोमवारी एकाला चालत नव्हतं, चतुर्थीला दुसरीला. पुढं पुढं कुणी वारही सांगेना. पिंजरा माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचे. शोधनिबंधावर नावं मात्र त्यांची. आयत्या बिळावर नागोबा. माझ्यासाठी शेवटी एक ओळ: प्राण्यांच्या कामातील मदतीबद्दल आभार.

चार वर्षं मी गप्प बसले. थिसिसवर सरांची सही लागते. आणि खरं सांगते, "तुझा हात चांगला आहे" असं सर म्हणाले की मला आनंद व्हायचा. त्याची आजही शरम वाटते.

एकदा उंदीर चावला. आबा, म्हणजे माझे वडील, चिंचोळी एमआयडीसीतून ड्युटी संपवून आले होते. जेवताना बोटावरची पट्टी बघून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"बाकीच्यांचं बी उंदीर तूच मारतीस व्हय?"

"हो."

"तुझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तवा सा म्हैने दुकानदारानं मीठसुदिक दिलं न्हाय. आन् तू एवढी शिकून त्येच करतीस?"

ते पुन्हा जेवायला लागले.

पुढच्या शनिवारी माझे उंदीर मी मारले आणि हात धुतले. शेजारी प्राजक्ताचा पिंजरा होता. ती माझ्याच बरोबरची विद्यार्थिनी. तिच्या एका उंदराची गाठ इतकी वाढली होती की त्याला त्याच दिवशी मारणं भाग होतं.

"हा राहिला," सर म्हणाले.

"तो प्राजक्ताचा आहे, सर."

"तिला होत नाही गं ते."

"मलाही होत नाही. मला तुम्ही कधी विचारलं नाही."

सरांनी चष्मा काढला. "थिसिसवर सही कुणाची लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले आणि घरी गेले.

रविवारभर मी स्वतःला सांगत होते, कुणीतरी केलं असेल.

सोमवारी उंदीर जिवंत होता. गाठ फुटली होती. कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता, श्वास तेवढा चालू. माझा हात पिंजऱ्याकडे गेलाही. एका हिसक्यात सुटला असता बिचारा. मी हात मागे घेतला आणि प्राजक्ताला बोलावून आणलं.

"बोटं इथं ठेव," मी म्हणाले.

ती रडत होती. तीनदा बोटं ठेवली, तीनदा काढली. मी शेजारी उभी राहिले, पण हात लावला नाही. चौथ्यांदा तिनं केलं.

सही दोन वर्षं उशिरा मिळाली. आज याच शहरात माझी स्वतःची छोटी प्रयोगशाळा आहे. परवा नवा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, आमच्यात मारणं चालत नाही."

"तुमच्यात कॅन्सर होतो का?" मी विचारलं.

तो उंदीर मला अजून दिसतो. भाजी चिरताना दिसतो, वर्गात शिकवताना मध्येच दिसतो. त्याच्या वेदनेचे दोन दिवस माझ्यामुळेही गेले, हे मी नाकारत नाही. सरांना तो दिसत नसणार. मला दिसतो तर दिसू दे. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन. ज्याला औषधावर नाव हवंय, त्यानं आपला उंदीर आपल्या हातानं मारावा. माझे हात आता कुणालाही मिळणार नाहीत.