थांबकाका आणि तांब्याची तार

आमच्या गल्लीतल्या थांबकाकांना कोणत्याही गोष्टीला सरळ ‘हो’ म्हणताना मी ऐकलं नाही आणि ‘नाही’ म्हणतानाही ऐकलं नाही. चहा घेता का, असं विचारलं तरी उत्तर एकच, "जरासाक थांब." मग ते आधी आभाळाकडे पाहायचे, मग आपल्या पोटाकडे, मग चहाच्या भांड्यात डोकावायचे आणि चहा निवायला आला की कप उचलायचे. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर होतं. आंधळगावात त्या नावानं चौकशी केली असती, तर लोकांनी असा कोणी इथं राहतच नाही म्हणून सांगितलं असतं. तोंडावर मात्र सगळे त्यांना काकाजीच म्हणायचे.

काकाजी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. थांबायची सवय त्यांना मागानंच लावली असावी. सूत विकायला कोणी आला, की लडी आधी उन्हात जायची, मग दोन बोटांत चोळली जायची, मग तिचा एखादा धागा ओला करून ताणून पाहिला जायचा. विकणारा बिचारा ओट्यावर बसून घाम पुसत राहायचा. "सूत तुले फसवन, मले फसवन, पन मागावर चढलं का बोलाले लागते," असं काकाजी म्हणायचे. माग पुढच्याच खोलीत होता. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्याची खटखट ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

असा माणूस गल्लीतलं पहिलं इंटरनेट घेईल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ते त्यांच्या गळ्यात मारलं बालाघाटला दिलेल्या त्यांच्या लेकीनं. घरात टेलिफोन होताच. त्याच तारेतून इंटरनेट येतं, नातवाचे फोटो दिसतात, असं तिनं सांगितलं. काकाजी इतके थांबले, की पहिला फोटो उघडला तेव्हा नातू शाळेत जायला लागला होता. मोडेमवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला कोशाच्या उरलेल्या तुकड्याची टोपी शिवली. टोपीखाली तो तापायचा आणि बंद पडायचा. टोपी काढली की चालायचा आणि चालायला लागला की काकाजी पुन्हा टोपी चढवायचे. माझा बारावीचा निकाल मी त्या टोपीवाल्या मोडेमवर पाहिला. अर्धी गल्ली माझ्या पाठीवर ओणवी झाली होती आणि पान काही उघडेना. "येऊन राहिला, जरासाक थांब," काकाजी मला धीर देत होते आणि मला रडू येत होतं.

पण त्या तारेवर खरा हक्क काकीचा. साखरेच्या आजारात काकीची नजर गेली. त्याआधी जन्मभर तिनं नवऱ्याच्या मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या, त्यामुळे बोटं मात्र पक्की डोळस. टेलिफोनच्या बटणांवरून बोटं फिरवून ती बालाघाटचा नंबर बरोबर लावायची. कधी तिकडून लेकीचा फोन यायचा. दुपारी आमच्याकडे लाइट हमखास जायची, तरी तो फोन चालू असायचा, कारण त्याला लागणारी वीज तारेतूनच यायची. पंखा बंद, मोडेम बंद आणि काकीचं बोलणं चालू. तिला नीट ऐकू यावं म्हणून काकाजी तेवढा वेळ माग थांबवायचे. भिंतीपलीकडची खटखट थांबली की आई म्हणायची, "आला वाटते बालाघाटचा फोन."

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरून काम करायची परवानगी काढून मी लॅपटॉपसह गावी आले. आईला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आमच्या घरी मोबाईलची रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात सापडायची, म्हणून मी काकाजींचंच वायफाय वापरायची. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं अडकून बसायचा आणि लोक त्याच्याशी बोलत राहायचे. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत नेट सुधारा, नाहीतर ऑफिसला या. त्याच सुमारास लाइनमन बातमी घेऊन आला. तांब्याची जुनी तार काढून तिच्या जागी फायबर टाकायचं होतं. नंबर तोच राहणार, वेग कितीतरी पट. नवीन गिऱ्हाइकांना इतक्यात मिळणार नव्हतं, जुन्यांनाच बदलून द्यायचं होतं. म्हणजे माझं आईजवळ राहणं थांबकाकांच्या एका ‘हो’वर येऊन ठेपलं. कपाळच माझं!

काकाजींनी लाइनमनला वेगाबद्दल काही विचारलं नाही. "लाइट गेली तं फोन चालन का?" एवढंच विचारलं.

"नाही जी. डब्याले लाइट लागते. डबा बंद तं फोन बंद."

"जरासाक थांब मंग," काकाजी म्हणाले आणि गावाला विचारायला निघाले.

त्यांनी कोणाला विचारलं नाही ते सांगणं सोपं. मोबाईलच्या दुकानदारानं बॅटरी लावायला सांगितलं. जावयानं फोनवरून इन्व्हर्टर सुचवला. शाळेतले गुरुजी म्हणाले, उन्हाळ्यात लाइट अर्धा अर्धा दिवस जाते, तिथं बॅटरी काय पुरणार? किराणावाला म्हणाला, फायबरवर वीज पडते. दुसऱ्या एकानं शपथेवर सांगितलं, की वीज तांब्यावरच पडते. प्रत्येक मत घेऊन काकाजी माझ्याकडे यायचे. "तू तं इंजिनियर हायेस, सांग बरं." मी सांगायला लागले, की ते मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "अन् अर्धा दिवस लाइट गेली तं? तिनं काय करावं?" तिथं माझंही घोडं अडायचं. सकाळी मला वाटायचं, बॅटरी लावून फायबर घेणंच शहाणपणाचं. दुपारी लाइट जायची, माग थांबायचा, भिंतीतून काकीचं हसणं यायचं आणि माझं मत फिरायचं. संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला की पुन्हा फिरायचं. काकाजींच्या शंका मला इतक्या पाठ झाल्या, की त्यांच्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या हेच मला कळेनासं झालं.

आणि एक दिवस काकाजी भिंतीजवळ येऊन म्हणाले, "बोलव त्याले." मला खरंच वाटेना. लाइनमन आला, त्यानं खांबावरून फायबर ओट्यापर्यंत आणलं, त्याचं वेटोळं खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं. जोडायचं मशीन दुसऱ्या गावी होतं. "उद्या येतो, जोडून देतो अन् जुनी तार काढून नेतो. हात नका लावू," असं बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. काकाजींनी फायबरचं टोक जुन्या तारेला बांधून टाकलं होतं. साधंसुधं नाही, धागा सांधताना विणकर मारतात तशी बारीक, घट्ट गाठ, कुठं फुगीर नाही की सैल नाही. आतली काच पार तुटली होती.

"काकाजी, हे काच हाय ना जी! कायले बांधलं?"

"काच? मले तं धाग्यावानी दिसला," काकाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "नवा ताणा चढवाचा असला तं जुना कोनी काढून फेकते का? जुन्याच्या टोकाले नवा बांधाचा अन् ओढाचा. जलमभर तेच केलं. मी म्हनलं, बांधलं तं दोन्ही राहीन. इचंही होईन अन् तिचंही."

‘इचं’ म्हणजे माझं, ‘तिचं’ म्हणजे काकीचं. लाइनमननं तुटलेलं वेटोळं कापून नेलं, गाठ तेवढी जुन्या तारेला राहिली. नवं फायबर कधी येईल ते तो सांगू शकला नाही. महिना संपत आला होता.

मी तणतणत मागच्या पडवीत काकीकडे गेले. काकी तांदूळ निवडत होती. "काकी, सारा गाव इचारून आले काकाजी. तुले इचारलं का एकदा तरी?"

"मले कायले इचारतीन?" काकी म्हणाली. "माझ्यासाठीच तं इचारून राहिले."

मग तिनं शेजारच्या कांड्यांच्या टोपलीत हात घातला आणि तळातून एक लहानसा, बटणांचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. 

"लेकीनं दिवाळीत देला. पाचाच्या बटनावर टिपका हाय, बोटाले समजते. लाइट असो का नसो, पडवीत बोलन्यापुरती रेंजही येते."

"मंग काकाजीले काहून नाही सांगितलं? हा सारा घोळ कायचा होता?"

काकीचे हात तांदळावर थांबले. "हे घेऊन मी इथं मांगं पडवीत बसली तं त्यायले माग कायले थांबवा लागन, पोरी? त्या तारेच्या फोनवर मी बोलतो तवा ते माग थांबवते. आपलं कापड सोडून बसून रायते, मी बोलेपर्यंत. दुसऱ्या कोनासाठी थांबवलेला पाह्यला का तू त्यायचा माग?" तांदळातला एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "पन तुझी नोकरी हाय. सांगाचं असन तं सांग. मी रागावनार नाही."

असली मोकळीक कोणी कोणाला देऊ नये. मी बाहेर आले. काकाजी ओट्यावर बसले होते, जुन्या तारेवरच्या गाठीकडे पाहत. "लय चुकलं का पोरी माझं?" त्यांनी विचारलं. एका वाक्यात सगळं सुटलं असतं. त्यांची काळजी मिटली असती, फायबर आलं असतं, मी आईजवळ राहिले असते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत घंटी वाजली. काकी पडवीतून भिंतीला धरून फोनकडे निघाल्याचं ऐकू आलं. काकाजींनी मला तळहात दाखवला.

"जरासाक थांब. तिचा फोन हाय."

मी थांबले. आणि ते वाक्य तोंडातच राहिलं. पुण्याऐवजी नागपूरचं ऑफिस मागून घेतलं, आणि शनिवार-रविवारी गावी यायला लागले. आई काठी धरून हिंडायला लागली होती. तरी आल्या आल्या ती माझ्याकडे जशी पाहायची, ते पाहून दर शनिवारी मला वाटायचं, आपण चुकलो. भिंतीपलीकडचा माग थांबला की वाटायचं, नाही चुकलो. मला अजूनही ते नक्की ठरवता आलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकाजी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. या वेळी मात्र ते अजिबात थांबले नाहीत, याचा मला राग येतो.

काही दिवसांनी लाइनमन नवं वेटोळं आणि शिडी घेऊन आला. मी घरीच होते. काकी ओट्यावर बसली होती, तो लहान मोबाईल आता उघडपणे तिच्या मांडीवर होता. म्हणजे आता अडचण कशाचीच नव्हती, जुनी तार निघायला हरकत नव्हती. मीच तसं लाइनमनला सांगितलं. तो शिडीवर चढला.

काकी उठली. भिंत चाचपत खिडकीपर्यंत गेली, तार शोधली आणि तिच्यावरून बोटं सरकवत गाठीपाशी आली. काकाजी सूत पाहायचे तशी तिनं ती गाठ दोन बोटांत चोळून पाहिली.

"त्यायचीच हाय," ती म्हणाली.

वरून लाइनमननं विचारलं, "कापू का काकी?"

काकीनं चेहरा वर केला, पण गाठ सोडली नाही.

"जरासाक थांब, बापू."