सासूबाईंची कोरफड

"तू तितं नेमकं करत काय हुतीस गं?" सणसरमध्ये, माझ्या सासरच्या गावी, हा प्रश्न मला जिनं तिनं विचारला. मी लष्करात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शांतिसेनेतून आफ्रिकेत वर्षभर राहून आले हेही गावभर झालं होतं. पण मी बंदूक घेऊन कुणाच्या मागं धावत नव्हते, पत्र्याच्या खोलीत नकाशे पसरून बसायचे, असं सांगितलं की बायकांचे चेहरे पडायचे. म्हणजे हापिसातच की! शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. कुणी विचारलं की माझ्याआधी त्याच बोलायच्या, "बंदोबस्ताच्या आखणीला हुती ती. यात्रेच्या आदल्या दिशी फौजदार येऊन बघून जातो न्हाय का, कुठं दोर बांधायचा, कुठनं माणसं सोडायची? तसं."

माझं काम इतक्या सरळ मला माझ्या वरिष्ठांनाही कधी सांगता आलेलं नाही.

सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. माझं माहेर सुप्याचं, कोरडवाहू मुलखातलं. लग्न होऊन कॅनॉलच्या काठाला, उसात आले. आत्या अजून चिडवतात, "जिरायती पोर, तापायला येळ लागत न्हाय." खोटं कशाला बोलू, मला राग येतो तो चिमूटभर येत नाही, पायलीनं येतो.

मी मिशनवर निघाले तेव्हा लेक जेमतेम तीन वर्षांची होती. नवरा बारामतीला कॉलेजात शिकवतो. सकाळी मोटरसायकलला किक मारून जातो तो दिवेलागणीला परत. त्यामुळं पोर वाढली ती आत्यांच्या हाताखाली. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, ती मला पापे द्यायची, म्हशीला झालेली रेडी दाखवायची. मला वाटायचं, ओळख आहे आपली. घरी आले, दारात बॅग टाकली आणि हात पसरले, तर बाई आत्यांच्या पदराआड. थोड्या वेळानं आत जाऊन बापाचा मोबाइल घेऊन आली. मला म्हणाली, "आईला फोन लाव." मी म्हटलं, "अगं, मीच आई." तिनं काळ्या पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत्यांना विचारलं, "मग फोनमधली कुठं गेली?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

रजा संपली की मला उत्तरेत नव्या ठिकाणी हजर व्हायचं होतं. तिथं राहायला घर मिळणार होतं, जवळ शाळा होती. लेकीला बरोबर न्यायचं असं आमचं आधीच ठरलं होतं. नवरा सुट्ट्यांना येऊन-जाऊन राहणार होता. पण जी माझ्या हातचं पाणी पीत नव्हती, ती परमुलखात माझ्याबरोबर कशी यायची? रडत, ओरडत, हाताला धरून ओढत? ते माझ्या जिवाला पटेना. रजा सरायच्या आत पोर आपणहून माझ्याकडं यायला हवी होती. मला दुसरं काही नको होतं.

आता मी पडले आखणी करणारी. तिथं दिवसभर 'पुढं काय' हा एकच प्रश्न चघळायचा असायचा. पावसानं रस्ता वाहून गेला तर लांबच्या चौकीला धान्य कसं पोचवायचं, पूल कुणी अडवला तर माणसं कुठून बाहेर काढायची, हेलिकॉप्टर एकच मिळालं तर आधी आजारी माणूस आणायचा की आधी पाणी पाठवायचं. आमचे कर्नल दुसऱ्या देशाचे होते, पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. कुठलाही आराखडा पुढं ठेवला की बाण, रंग, खुणा काही बघायचे नाहीत. आधी विचारायचे, "यात कुणाचं अडेल?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उगीच नकाशावरचे बाण दाखवत बसले होते.

एक लहान चौकी बंद करायचा आराखडा माझ्याकडं आला होता. चौकीसमोर आठवड्याचा बाजार भरायचा. शेंगा, सुकी मासळी, साबण. त्या वाटेवर लुटारूंची भीती होती; चौकी होती म्हणून बायका बाजारात येऊन बसायच्या. आम्ही एकदम उठलो असतो तर बाजारही उठला असता. म्हणून हळूहळू मागं सरलो. आधी जवान बाजारातून हलून झाडाखाली उभे राहिले, मग पार रस्त्याच्या वळणावर, मग फक्त बाजारच्या दिवशी गस्त. तोवर तिथले पोलीस आणि गावातली माणसं पुढं झाली. जवान पहिल्यांदा मागं सरले तेव्हा शेंगा विकणारी एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्यावर अशी बरसली की विचारू नका. भाषा कळत नव्हती, पण शिव्या बरोबर कळत होत्या. आमच्या सुप्याच्या बाजारातल्या बायकांची सख्खी बहीण शोभली असती.

चौकी उठली त्या दिवशी ती गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. आमच्या गाड्या तिच्या समोरून निघाल्या, तरी तिनं मान वर केली नाही. कर्नल म्हणाले, "शेवटच्या दिवशी कुणी आपल्याकडं वळून बघितलं नाही, तर समजायचं आराखडा जमला." मग रुमाल काढून चष्मा पुसत बसले. धूळ फार आहे, म्हणाले.

तीच अक्कल मी घरी चालवायला गेले. आधी वेणी घालायची, मग भरवायचं, मग आंघोळ, मग झोपवायचं. एकेक काम आत्यांकडून माझ्याकडं घ्यायचं. कसलं काय! कंगवा हातात घेतला की पोर डोकं धरून पळायची, "आजी, ही ओढती!" घास पुढं केला की तोंड घट्ट. दुपारी झोपताना तिला आत्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरायला लागायची; ती धरली की डोळे आपोआप मिटायचे. एकदा मी माझा कान पुढं केला. तिनं चाचपून बघितला आणि म्हणाली, "ह्यो न्हाय." नवरा दारातून म्हणतो कसा, "शत्रू कडवा आहे मेजर, कुमक मागवा." मी त्याला लाटणं फेकून मारणार होते.

रजा निम्मी सरली आणि आत्यांचं वागणं बदललं. पोरगी गोष्ट सांग म्हणाली की म्हणायच्या, "घसा बसलाय." कडेवर घे म्हणाली की "गुडघा दुखतुया." एका संध्याकाळी ती रिबीन घेऊन त्यांच्या मांडीत शिरली, तर आत्यांनी तिला बाजूला लोटलं. "सारखी काय गोचिडावानी चिकटतीस गं? जा तुझ्या आईकडं! मला न्हाय येत वेणी-फिणी."

पोरीनं ओठ काढला आणि असा टाहो फोडला की माझं डोकंच फिरलं. चुलीपुढून तशी पिठाच्या हातानं उठले.

"आत्या, मी पोर नेतेय याचा राग आहे ना? मग माझ्यावर काढा की! त्या एवढ्याशा जिवावर कशाला?"

"मग काय ओवाळू तिला? गुडघ्यानं जीव चाललाय माझा."

"वर्षभर बरा होता गुडघा. मी आल्यावरच दुखायला लागला!"

"व्हय," आत्या म्हणाल्या. "तू आल्यावरच लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीत दोन लुगडी भरली. मोरगावला बहिणीकडं जाते, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, जा, रुसून जा. नवरा विनवत होता, "आई, अगं, थोडे दिवस तर उरलेत." त्यावर "कुणावाचून कुणाचं काय अडत न्हाय," म्हणाल्या आणि एसटीला निघाल्या. पोर फाटकाच्या गजांना धरून हाका मारत होती. त्यांनी एकदाही मागं बघितलं नाही. काय हे दगडाचं काळीज, असं मला वाटलं.

तो दिवस आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी नवरा कॉलेजला गेला आणि घरात उरलो मी, लेक आणि म्हैस. म्हशीला आत्यांच्या हाताची सवय. मी जवळ गेले की शेपटीचा फटका. सुप्याला शेरडं पिळत वाढलेली मी, पण ही बया पान्हाच सोडेना. मग आठवलं, गावाकडं अशा वेळी काय करतात. दोरीवरचं आत्यांचं जुनं लुगडं ओढलं आणि ट्रॅकपँट-टीशर्टवर गुंडाळून डोक्यावरून पदर घेतला. म्हशीनं हुंगलं, एक सुस्कारा टाकला आणि दूध सोडलं. मागं खुदकन आवाज आला. बघते तर पोर गोठ्याच्या दारात, तोंडावर हात दाबून. "आई आजी झाली!" म्हणाली आणि हसता हसता खाली बसली. मी पण हसले. किती तरी दिवसांनी पोटातून हसले.

त्या दुपारी वीज गेली, पंखा थांबला. मी ते लुगडं तसंच अंगावर ठेवून जमिनीवर आडवी झाले होते. पोर आली आणि काही न बोलता शेजारी पडली. मग दोन बोटं माझ्या कानाला लागली. मी श्वास धरून पडून राहिले.

"गार हाय," ती म्हणाली.

"मग?"

"असूदे."

त्यानंतर तिनं वेणी घालून घेतली. माझ्या हातचा भात खाल्ला. आजी कधी येणार हे रोज विचारायची, मग हळूहळू एक दिवसाआड विचारायला लागली.

रविवारी पोरीला बापाजवळ ठेवून मी एकटीच मोरगावला गेले. आत्यांना घेऊन यायचं होतं आणि खरं सांगायचं तर दोन शब्द सुनवायचेही होते. बहिणीच्या घरी त्या नव्हत्या. मावशी म्हणाल्या, "ती व्हय? सकाळधरनं शेरडांमागं गेलीया."

"आणि गुडघा?"

"कसला गुडघा?"

माळावर गेले. आत्या ढांगा टाकत शेरडं वळवत होत्या, तरण्या बाईला मागं टाकतील अशा. मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारख्या जागच्या जागी थांबल्या. मग बांधावर बसल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "वेणी घालू देती का?"

"देते."

"जेवती?"

"जेवते."

"अन् दुपारची झोपती का?"

"झोपते. कान धरून."

"कुणाचा?"

"माझा."

आत्या पायाशी आलेल्या करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं अंगावरचं दूध तोडलं तवा मी कोरफड लावली हुती. तोंड लावायचं, कडू लागायचं, थुकायचं, अन् माझ्याकडं टकामका बघायचं. आईच कडू झाली म्हनून. लई वाईट वाटतं गं. पर त्याबिगर लेकरू भाकरीकडं वळत न्हाय." त्यांनी करडाला हळूच बाजूला सारलं. "तू काय वाईट हाईस व्हय? पर मी गोड हाय तवर ती तुझ्याकडं कशी यील? म्हनून लावून घेतली कोरफड."

माझ्या आराखड्यात वेणी होती, घास होता, शाळा होती, रेल्वेची तिकिटं होती. यात कुणाचं अडेल, हे मात्र मी स्वतःला विचारलंच नव्हतं. ज्यांचं अडणार होतं त्या तर रोज माझ्यासमोर बसून भाकऱ्या थापत होत्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "चुकलं माझं आत्या," म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. "ऊठ, शेरडं ज्वारीत शिरत्यात."

माळावरनं मावशींच्या घराकडं परतताना मी म्हटलं, "तुम्ही पण चला आमच्याबरोबर."

"अन् म्हस?"

"लुगडं ठेवून या तिला."

त्या हसल्या. "यीन की. पर आत्ता न्हाय. आत्ता आले तर ती फिरून मलाच धरील. तुझं नीट बसू दे आधी."

आम्ही निघायच्या आदल्या रात्रीच आत्या मोरगावहून घरी आल्या. निघताना त्यांनी पोरीच्या तळहातावर दही घातलं. तिनं ते चाटून पुसून खाल्लं आणि स्टेशनला जायला मागून आणलेल्या मोटारीत पहिली चढली. रेल्वेत खिडकी कुणाची, गाडीत झोपायला पलंग असतो का, तिथं म्हैस आहे का, तोंडाचा पट्टा सुरू. आत्यांनी तिला जवळ घेतलं नाही. नुसतं म्हणाल्या, "आईला सोडून कुठं जाऊ नगंस." मी पाया पडले तर मान दुसरीकडं वळवली.

नवऱ्यानं गाडी काढली. कॅनॉलच्या पुलाकडं वळलो तेव्हा पोर माझ्या मांडीवर उभी राहून समोरच्या काचेतून उसाचा ट्रॅक्टर बघत होती. "आई, ह्याच्या पुढं जायचं!" ओरडत होती. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. कर्नल म्हणाले असते, आराखडा जमला.

मी आरशात बघितलं. आत्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी हात वर उचलला तेव्हा मला वाटलं, टाटा करतायत. पण हात कानाशीच थांबला, आणि दोन बोटांत कानाची पाळी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.