प्रवाळाची बोचरी कड

मुळशीतल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. समुद्राचा धडा आला की कपाटातून प्रवाळाचा एक तुकडा काढायचो आणि सांगायचो, "हा दगड नव्हे, इवल्या जिवांनी बांधलेलं घर आहे. पाणी तापलं, गाळ साचला किंवा कुणी तोडलं, की ते जीव मरतात. हा तुकडा मला मालवणच्या वाळूत वाहून आलेला मिळाला."

एका वर्षी ताम्हिणीकडची एक मुलगी तो हातात फिरवत म्हणाली, "सर, वढ्यातनं वाहून आलेला दगुड गुळगुळीत असतोय. ह्येची कड तर बोचतीया. कुणीतरी तोडलाय ह्यो."

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. "जास्त शहाणपणा नको, बस खाली," मी म्हणालो. ती तुकडा टेबलावर ठेवून बसली.

तिचं बरोबर होतं. ओहोटीला खडकावरून मीच तो तोडून आणला होता, मुलांना दाखवायला म्हणून.

पुढे मी निवृत्त झालो आणि ती आमच्याच शाळेत शिक्षिका झाली. तिने मला त्याच धड्याला बोलावलं. मी तुकडा पुढे धरून मुलांना म्हणालो, "हा मी तोडलाय. तुमच्या बाईंनी लहानपणीच ओळखलं होतं, पण मी त्यांना गप्प बसवलं."

बाई हसल्या. "सर, मला तवाच ठावं व्हतं. आता तुमी बसा खाली."

मी पहिल्या बाकावर बसलो. तुकडा हातोहात फिरत होता आणि प्रत्येक मूल त्याच्या कडेवर अंगठा फिरवून बघत होतं.