रॅपआधीचा फॉर्म

मी धुळ्याची, जळगावात स्पामध्ये नोकरी करते, असं सांगितलं की आमच्या नात्यातले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस? अंगाला माती फासते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळते, म्हणजे रॅप बांधते, वरून गरम ब्लँकेट घालते आणि मग मिठाच्या पाण्यावर तरंगायला सोडते. एवढं ऐकूनही हसू येत असेल तर खुशाल हसा. पण गुंडाळलेल्या माणसाला स्वतःहून पटकन उठता येत नाही. आणि टबात पाणी वीतभर असलं, तरी शुद्ध हरपून तोंड पालथं झालं की तेवढंही जीव जायला पुरतं. म्हणून आधी फॉर्म भरून घ्यायचा असतो. बीपी, हृदय, फिट, गरोदरपण, चालू असलेल्या गोळ्या.

ती मुलगी आली तेव्हा लग्नाला आठ दिवस होते. माहेर भडगावचं, सासर दोंडाईचाचं. सकाळपासून दोन्हीकडची माणसं बस्ता बांधायला जळगावच्या बाजारात फिरत होती, आणि होणाऱ्या नणंदेने तिला आमचं ब्रायडल पॅकेज भेट दिलं होतं. बाहेर मे महिना भाजून काढत होता. नणंद तिच्याबरोबर आत आली आणि शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसली. मीही तिला उठवलं नाही. गिऱ्हाईक कशाला दुखवा, एवढाच माझा विचार.

मी प्रश्न विचारत गेले आणि सगळ्याला 'नाही' असं उत्तर नणंद देत गेली. "लिखी टाका ना ताई, बठ्ठं नही. आमनी वहिनी ठणठणीत शे."

फिट येतात का, असं विचारल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं. जरा वेळाने ती "नाही" म्हणाली. मग हळूच, "टब नको ताई, मला पाण्याची भीती वाटते." नणंद हसली. मी फॉर्मवर मुलीची सही घेतली. ती अडखळलेली मला दिसली होती, हे मी आता लपवत नाही. पुढची अपॉइंटमेंट डोक्यावर होती, म्हणून काणाडोळा केला.

बाकी सगळं मी मला शिकवलं होतं तसंच केलं. नणंदेला बाहेर बसवलं, रॅप बांधताना मुलीचा एक हात मोकळा ठेवला, खोली सोडली नाही. वीसेक मिनिटांनी तो मोकळा हात आखडला आणि पाठोपाठ सगळं अंग झटके देऊ लागलं. कात्रीने प्लॅस्टिक कापलं, तिला कुशीवर वळवलं. तोंडाला फेस आला होता. "कोणीतरी या!" मी ओरडले. रिसेप्शनवरची मुलगी धावत आली, आणि तिच्या मागोमाग नणंद. हुंगवायला म्हणून तिने पायातली चप्पल काढली. मी तिच्यावर अशी खेकसले की ती भिंतीला जाऊन टेकली.

दोन मिनिटांत झटके थांबले. नणंद फोन लावत बाहेर गेली तेव्हा मुलीने माझा हात धरला. लहानपणापासून फिटची गोळी चालू होती, ती म्हणाली. त्या दिवशीची पर्समध्येच राहिली, कारण सासरच्यांसमोर काढता आली नाही. हे मी फक्त तिला तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या कानावर घातलं.

तिचा जीव वाचवल्याचा मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी रिसेप्शनवरच्या मुलीला तेच ऐकवत होते. कसा हात मोकळा ठेवला, कशी जागची हलले नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीची आई तिला घेऊन आली. नणंदेने घरी फेफऱ्याचा संशय बोलून दाखवला होता आणि तिकडच्यांनी लग्न थांबवलं होतं. उन्हाने आणि गरम ब्लँकेटने चक्कर आली, असा कागद आईला हवा होता.

"येवढं लिखी दे, माय. पोरनं लगन मोडी राह्यनं."

"खोटं कसं लिहू, अक्का? उद्या सासरी न्हाणीत फिट आली आणि कोणाला काही माहीतच नसलं तर?" माझा आवाज चढला. मी फॉर्म काढून त्यांच्यासमोर आपटला. "ही सही तुमच्या मुलीचीच आहे ना? विचारलं होतं मी तिला."

माझं बोलणं बरोबर होतं, आणि ते बोलताना मला जरा बरंही वाटलं, याची मला आज लाज वाटते. कागद मी दिला नाही. लग्न मोडल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं.

त्या दिवशी आई जिना उतरायला लागली तेव्हा मुलगी दारात थांबली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली.

"विचारलं होतं तुम्ही. पण त्या शेजारीच बसल्या होत्या ना ताई. मला एकटीला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."