कुरडया, स्कूटर आणि माझा उजवा हात

चि. ओवी आणि चि. अर्णव,

काल फोनवर तुम्ही विचारलंत की यंदा कुरडयांचं पार्सल का आलं नाही. आजोबांनी सांगितलं, "कुरिअरवाल्यानं घोळ केला." हे खोटं आहे. घोळ मी केला. आजोबांनी पुढच्या फोनवर खरं सांगून टाकायच्या आत (आणि त्यात पदरचा तिखटमसाला घालायच्या आत) मीच सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

आपली विजेवरची स्कूटर तुम्ही फोटोत पाहिली आहे. ती ताशी पंचवीसच्या वर पळत नाही, आवाज करत नाही, आणि भाजी, बँक, दवाखाना एवढ्यापुरती अगदी शहाणी आहे. पिंपळगाव राजात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला याहून जास्त वेगाची गरजही नाही.

त्या दिवशी कुरडयांचे गहू भिजून तिसरा दिवस होता. रोज पाणी बदललेले, बोटानं दाबले की चीक येईल असे. एप्रिलच्या उन्हात ते आणखी थांबत नाहीत, नासतात. आमच्या गल्लीतली ओले गहू वाटायची मशीन बिघडलेली. दुसरी गावाच्या पार टोकाला, रफिकभाईंची. आणि वेळापत्रकाप्रमाणे दहाला लाइन, म्हणजे वीज, जाते ती थेट रात्री येते! म्हणजे दहाच्या आत गहू वाटले तर कुरडया, नाही तर नाही. मी नऊला निघायचं ठरवलं आणि नऊलाच निघाले. मागे आजोबा, त्यांच्या मांडीवर गव्हाचा आंबूस डबा.

बाजाराच्या मधोमध स्कूटर थांबली. अगदी सभ्यपणे, काही न बोलता.

"काऊन थांबली व?" आजोबा.

"मी नाही थांबवली. तिची ती थांबली."

"चार्जिंगले लावली नव्हती का?"

"काल दुपारी मी स्वतः लावली!"

"अन् मंग शेजारी जातानी साऱ्या घरातले बटनं कोनं बंद केले?"

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. (खोलीबाहेर पडताना बटण बंद करायचं, हा नियम या घराला मीच लावला आहे. तुमच्या बाबांनी त्यापायी लहानपणी धपाटे खाल्लेले आहेत.)

मी हँडल धरून स्कूटर ढकलू लागले, आजोबांनी डबा खांद्यावर घेतला. डबा गळत होता. दहा पावलं गेलो नाही तोच वासावर एक शेळी आली, मग तिची बहीण, मग तिचं सगळं माहेर!

"बाई, गाडी फिरवाले आनली का?" दारात बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं.

"हाव!" आजोबा ओरडले. "डॉक्टरनं तिले पायी चालाले सांगतलं!"

"गेट बॅक!" मी शेळ्यांवर ओरडले. या दोन शब्दांनी माझे वर्गच्या वर्ग जागेवर बसायचे. शेळ्या मराठी माध्यमाच्या निघाल्या.

रफिकभाईंकडे पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते.

"या बाई, या! दहा मिन्टाचं काम हाय, होऊन जाईन."

मशीन सुरू झाली. निम्मे गहू वाटून झाले आणि मला आठवलं, स्कूटर उन्हात आहे! तिला सावलीत लावायला मी उठले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मशीन गप्प झाली.

"गेली लाइन!" रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "आज तं आंधीच गेली!"

माझा संताप झाला. "वेळापत्रक म्हणजे काय, हे या लोकांना कुणी शिकवलंच नाही!" मी शिस्तीवर दोन भाषांत बोलले. दारापासून स्कूटरपर्यंत आणि स्कूटरपासून डब्यापर्यंत येरझाऱ्या घातल्या. दर मिनिटाला गहू हुंगले. आजोबा मात्र ओसरीवर खुर्चीत पाय पसरून बसलेले.

"बस व जराशी. पाह्य, हवा किती मस्त येऊन राह्यली!"

"एप्रिलमंधी हवा?" म्हणत रफिकभाईंनी वर पाहिलं.

पंखा गरगर फिरत होता.

आम्ही तिघांनी पंख्याकडून नजर वळवली ती दाराशेजारच्या बोर्डाकडे. मशीनचं बटण बंद होतं. त्या दारातून माझ्याशिवाय कुणीही बाहेर गेलं नव्हतं.

"बाई," रफिकभाई हळूच म्हणाले, "तुमी मले पाचवीत शिकवलं, म्हून काई बोलत नाई."

मी धावत जाऊन बटण दाबलं. मशीननं एकदाच "घर्रर्र" केलं आणि थांबली. या वेळी पंखाही थांबला. दहा वाजले होते. लाइन अगदी वेळापत्रकाप्रमाणे गेली होती!

उरलेले गहू रात्रीपर्यंत टिकणारे नव्हते. ते बाहेर शिस्तीत ताटकळलेल्या शेळ्यांना गेले. स्कूटर ढकलत घरी आलो, आणि निम्म्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया मी दुसऱ्या दिवशी सकाळी घातल्या. त्या पांढऱ्या नाहीत, चवीला आंबट आहेत, आणि एका लहानशा डब्यात मावतात. यंदाच्या म्हणून एवढ्याच शिल्लक आहेत. आजोबा म्हणतात, "नोको पाठवू व, पोट्टे हासतीन." मी पाठवते आहे. तळून पाहा, चांगल्या फुलतात. तेवढं एक मला बंद करता आलं नाही.

तुमची आजी