कुंडीतल्या वडाचा भाऊबंद

आमचं कुंडीतलं फायकस इतकं मानी, की शेजाऱ्यांनी सोफा सरकवला तरी आमच्याकडे पान गळतं. वटपौर्णिमेला बायको म्हणाली, "हाही वडाचाच भाऊबंद!" फेऱ्या मारायला जागा हवी म्हणून तिनं खिडकीजवळची कुंडी खोलीच्या मधोमध ओढली आणि माझ्या दीर्घायुष्यासाठी दोरा गुंडाळला. आठवड्यात झाड बोडकं झालं.

"अगं, आता माझं कसं होणार?"

"जागा सुटली की रुसतं ते. खिडकीजवळची तुमची खुर्ची हलवली असती, तर कुंडी जागेवरच राहिली असती. पण तुम्ही उठाल तर ना!"

एका जागी मुळं धरायला माती लागतेच असं नाही. मी उठून खुर्ची बाजूला घेतली. मोकळं झालेलं ऊन सरळ कुंडीपर्यंत गेलं. आज बोडक्या फांदीवर नखाएवढं हिरवं टोक दिसलं. मी अजून उभाच आहे.