पेवातला निरोप

सबंध परभणी जिल्ह्यात माझ्या काकांइतकं लक्षात ठेवणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतकं विसरणाराही झाला नाही. हे दोघे एकाच पटक्याखाली कसे नांदत होते, हे मला आजही उलगडलेलं नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. आमचं गाव पिंगळी, आणि काका तिथे रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने मैलोन् मैल चालणारा आणि रूळ धरून ठेवणारी एखादी चावी ढिली दिसली की ठोकून पक्की करणारा माणूस. ते नोकरीतून सुटले, पण पायांना ते कुणी कळवलंच नाही. आमच्याकडे आले की दारातच उभे राहत, उभ्यानेच चहा पीत, कपबशीसकट अंगणात फेऱ्या मारत आणि कधीकधी कपबशीसकट घरी निघून जात. आईने त्यांच्यासाठी एक कानतुटकी कपबशी वेगळी काढून ठेवली होती. ती बहुतेक वेळा त्यांच्याच घरी असायची.

विसरण्याबद्दल काकांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "डोक्याला एक ओसरी असती आन् एक पेव असतंय," ते सांगत. "नवी गोष्ट आली की पैले ओसरीवर बसती. ओसरी लहान. सात जन बसले की भरली. आठवा आला की एक जन उठून जातंय, आन् जाताना येतो म्हनून बी सांगत न्हाई." पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोल खणलेला खड्डा. आतून कडबा लावायचा, तोंड दगडमातीने लिंपायचं, मग धान्य वर्षानुवर्षं टिकतं. आमची स्वतःची कधी पेवं नव्हती. पण कोवळ्या वयात काका दुसऱ्यांच्या पेवांत उतरून ज्वारी उपसायला जात, त्यामुळे पेवाचं त्यांना मालकापेक्षा जास्त कळत होतं. ओसरीवरची गोष्ट पेवात घालायची तर ती घोळून घोळून म्हणावी लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली वाफ आधी जाऊ द्यायची, नाहीतर माणूस आतच गुदमरतो. म्हणून त्यांना कुणी जुनी गोष्ट विचारली की काका हात वर करून म्हणत, "थांबा, वाफ जाऊ द्या." मग डोळे मिटून गप्प होत. तेवढाच काय तो वेळ ते एका जागी असत.

वाफ गेली की मात्र जे वर येई ते बावनकशी. मला शाळेत घालायच्या वेळी गुरुजींनी जन्मतारीख विचारली, तर वडील माझ्याकडे बघू लागले आणि मी वडिलांकडे. काकांनी डोळे मिटले आणि सांगितलं की, पुलाचा गर्डर बदलला त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, गाडी गेल्यावर पोर रडली. गुरुजींनी ते सगळं जुळवून तारीख काढली आणि पुढे माझ्या नोकरीच्या कागदांवरही तीच चढली. काकूंचा मात्र या विद्येवर राग होता. "माझ्या लग्नात भात कच्चा ऱ्हायला होता ते ह्यांना याद हाय," त्या म्हणायच्या, "आन् आत्ता जेवले ते याद न्हाई. दुसऱ्यांदा ताटावर बसायलेत."

अशा माणसाच्या हाती कुणी निरोप द्यावा का? पण आमच्या वस्तीत सगळे द्यायचे, कारण जायची हौस फक्त काकांनाच होती. एका निरोपाला ते डाव्या हाताचं एक बोट मिटत, दोन निरोपांना दोन, आणि वाटभर पुटपुटत. त्यांची मूठ मिटलेली दिसली की लोक जय भीमसुद्धा न घालता बाजूला सरत. एकदा नव्याने आलेल्या सोयऱ्याने जय भीम घातला, तर काकांनी तो घेतला, उलटा घातला आणि जागीच थांबून त्यालाच विचारलं, "मी कुठं चाललो होतो?" चिठ्ठी लिहून देऊ का म्हटलं की त्यांना अपमान वाटे. "कागदाला वाळवी लागती," एवढंच बोलून चालू लागत.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्यासाठी गंगाखेडचं स्थळ आलं. मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते. आमच्या घरातली शिकलेली पहिली पोर मी, आणि खुर्चीत बसून चाळीस पोरांची हजेरी घेताना मला जे वाटे ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी वडिलांना स्पष्ट सांगितलं, "पोरगा चांगला आहे. पण ते नोकरी सोडायला लावणार असतील तर मला हे लग्न नको." आता हे त्यांना विचारायचं कुणी? काका आधीच दारात उभे होते. सकाळच्या गाडीने गेले, गंगाखेडला राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परभणीला गाडी बदलून पिंगळीला परत आले. डाव्या हाताची तीन बोटं घट्ट मिटलेली होती.

"मुलगी पसंत हाय," म्हणत त्यांनी करंगळी उघडली. "साखरपुडा येत्या पुनवंला," म्हणत दुसरं उघडलं. तिसरं बोट मिटलेलंच राहिलं. काका त्याच्याकडे बघत राहिले, आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत राहिलो. गंगाखेडच्या घरातल्या भिंतीचा रंग, पाटावर मांडलेले लाडू, माझ्या होणाऱ्या सासूच्या माहेरची तीन पिढ्यांची हकीकत, सगळं त्यांना सांगता आलं. नोकरीचं उत्तर तेवढं गेलं होतं.

"होच म्हनले असतील," वडील म्हणाले. "आपन होकार कळवू, बाकी मागून बघता येईल."

मागून म्हणजे कधी, हे मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या. काका माझ्याआधीच दाराबाहेर पडले होते. "सांडलंय ते रुळावरच कुठं तरी सांडलंय," ते म्हणाले. "परभनीला गाडीत बसलो तवा तीन बी होते. मी तोंडानं म्हनायलो होतो."

आणि आम्ही खरोखर रुळाच्या कडेने परभणीच्या दिशेला चालत निघालो. उन्हाचा नुसता कहर होता. खडीने माझ्या चपलेचा अंगठा तुटला, काका मात्र चावी तपासत चालल्यासारखे एकेक खांब बघत होते. "हितं होता. हितं बी होता," असं पुटपुटत होते. मी मागून जवळजवळ पळत होते आणि मनात त्यांना, गंगाखेडला, त्या तिसऱ्या बोटाला, सगळ्यांना शिव्या देत होते. एका लहान पुलाशी बाभळीखाली काका थबकले. "हितं गाडीत समोर बसलेल्या त्या वसमतच्या बाईनं लेकीच्या बाळंतपनाचं काढलं," ते म्हणाले, "आन् हितंच आमचं एक उठून गेलं." ते खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी तोंड उघडलं तर हात वर केला. "वाफ जाऊ दे."

किती वेळ गेला कोण जाणे. मग काकांनी डोळे न उघडताच माझ्या सासूच्या तोंडचे शब्द सांगितले. "आमचा बाप शाळंच्या दाराभाईर बसून शिकला. सून खुर्चीत बसून शिकवती म्हनल्यावर तिला मी कामून उठवू?"

बोट उघडलं. मी तिथेच रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. परतताना काका ते वाक्य वाटभर घोळून म्हणत होते. आता गरज नाही असं मी सांगितलं, तरी थांबले नाहीत.

पुढे सात-आठ वर्षांत काकांची ओसरी अगदीच ओस पडली. काकू वारल्या, तेही त्यांच्या लक्षात राहिना. ते दारात येऊन काकूंना हाका मारत. मी गंगाखेडला बदली करून घेतली होती आणि तिथेच मला दुसरी मुलगी झाली. ती सतत आजारी असायची. सासूबाई थकल्या होत्या, आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "बास झाली शाळा. लेकरापेक्षा मोठी हाय का?" नवरा उठून बाहेर निघून गेला. तीन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या, अगदी काकांसारख्या. चौथ्या दिवशी सकाळी राजीनामा लिहायला बसले, आणि दारात काका उभे दिसले.

एकटे कसे आले, कुणास ठाऊक. पायात चप्पल नव्हती. मला त्यांनी ओळखलं नाही. डाव्या हाताचं मधलं बोट मिटलेलं होतं. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या माझी आई आहेत असं समजून काका त्यांच्याकडेच वळले. "वैनी, गंगाखेडचा निरोप हाय," ते म्हणाले आणि सगळं वाक्य एका दमात, एक शब्दही न चुकता सांगितलं. दाराबाहेर बसलेला बाप, खुर्चीत बसलेली सून, सगळं.

सासूबाई बराच वेळ पोरीला थोपटत राहिल्या. "हे मी म्हनले होते?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी माझ्यासमोरचा राजीनाम्याचा कागद उचलला, त्याची घडी करून उशाखाली सारली आणि म्हणाल्या, "पोरीला मी बघती. तू जा."

काकांनी बोट उघडलं आणि सगळ्यांकडे बावरून पाहिलं. "मी कशाला आल्तो?"

"निरोप घेऊन आला होता काका," मी म्हटलं. "पोचला."

"पोचला?" त्यांनी स्वतःच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. "मंग बसतो थोडं."

आणि उभ्या जन्मात आमच्या दारात न बसलेले काका भिंतीला टेकून बसले. मी चहा दिला, तो त्यांनी बसून प्यायला आणि कपबशी खाली ठेवली. शाळेत जायला उचललेली पिशवी मी बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले, पण गेले.